कडेला थांबलेली रुग्णवाहिका, आगीचा बंब, टोइंग ट्रक: शेजारून नेमकं कसं जायचं?

आडवळण (धागाकर्ता)

मागून सायरन वाजवत रुग्णवाहिका आली की वाट द्यायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तीच रुग्णवाहिका कडेला थांबलेली असेल, किंवा टोइंगवाला बंद पडलेली गाडी उचलत असेल, तर काय करायचं यावर एकमत नाही. कुणी हॉर्न देत आहे त्याच वेगात निघून जातं, कुणी अगदी जवळ आल्यावर कचकन ब्रेक मारतं, कुणी मान वळवून बघत बघत जातं.

माझं मत आधी सांगतो. अपघात त्या गाडीशेजारी होतो, पण चूक दहा सेकंद आधी झालेली असते. ताशी १०० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. दहा सेकंदांत २८० मीटर. तेवढ्या अंतरावर ठरवलं तर आरसा बघायला, इंडिकेटर द्यायला, लेन बदलायला भरपूर वेळ असतो. ८० मीटरवर ठरवलं तर हातात तीन सेकंदही नसतात आणि मग जे होतं ती निव्वळ धडपड.

माझा क्रम असा: दिवे दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, आरसे बघायचे, इंडिकेटर द्यायचा, एक लेन पलीकडे जायचं, वेग उतरवायचा.

दोन प्रश्न आहेत.
१. लेन बदलायला जागाच नसेल तर वेग कितीवर आणावा? नुसतं ‘हळू जा’ नको, आकडा हवा.
२. पिवळा दिवा लावलेल्या टोइंग ट्रकलाही पोलिसांच्या गाडीइतकंच मानायचं का?

सांजवात

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निःसंशय हो. बंबासोबत चार-सहा जण असतात, त्यातला एक रहदारीकडे तोंड करून उभा राहू शकतो. टोइंगवाला बहुतेकदा एकटा असतो. रहदारीवर लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नसतं आणि कामच असं की पाठ रस्त्याकडे होते.

नटबोल्ट

सांजवात, +१. ‘पाठ रस्त्याकडे’ म्हणजे नेमकं काय ते सांगतो, म्हणजे जागा का सोडायची ते डोळ्यासमोर येईल.

फ्लॅटबेड (सपाट पाट्याच्या) ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. साइडपट्टी तीन मीटरची धरली तर उरतो अर्धा मीटर, तोही दोन्ही बाजूंना मिळून. गाडी उचलताना ट्रकचा पाटा मागे सरकतो, तिरका होतो आणि त्याचं टोक जमिनीला टेकतं. विंचची (वायर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राची) वायर बंद गाडीच्या हुकात अडकवायची, गाडी न्यूट्रलला, स्टिअरिंगचं लॉक सोडलेलं, हँडब्रेक खाली. मग वायर सावकाश ओढायची. चाकं सरळ नसतील तर गाडी तिरकी चढते, की पुन्हा खाली सोडायची, स्टिअरिंग नीट करायचं, पुन्हा ओढायची. गाडी वर आली की चारही चाकांना पट्टे.

विंचचे लिव्हर पुष्कळ ट्रकांना दोन्ही बाजूंनी दिलेले असतात, त्यामुळे जाणता ऑपरेटर रहदारीच्या उलट्या बाजूने काम करतो. पण चारातले दोन पट्टे रहदारीच्या बाजूलाच बांधावे लागतात, त्याला इलाज नाही. पट्टा रॅचेटने ताणताना माणूस अंगाचा भार मागे टाकतो आणि एक पाय नकळत मागे पडतो. तो पाय पडतो थेट लेनमध्ये. ट्रकचं इंजिन विंचसाठी चालूच असतं, म्हणजे मागून येणारी गाडी ऐकूही येत नाही.

म्हणून ‘तो माणूस पट्टीच्या आत उभा आहे, मी माझ्या लेनमध्ये आहे’ हा हिशेब चुकीचा. पुढच्या सेकंदाला तो कुठे असेल ते त्यालाही माहीत नसतं.

चौथागिअर

सगळं पटतं, पण दुसरी बाजूही मांडतो. वेगवान रस्त्यावर एकाने ४० वर गाडी आणली तर मागचा येऊन आदळणार. कडेचा माणूस वाचवताना मागच्या सीटवरची मुलं धोक्यात घालायची का? माझ्या मते लेन बदला, वेग मात्र रहदारीबरोबर ठेवा.

गणिती

चौथागिअर, मुद्दा रास्त आहे, पण वेग तसाच ठेवला तर काय होतं ते आकड्यांत बघू. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगले टायर (दर सेकंदाला सेकंदी सात मीटरने वेग कमी) असं धरलं तर थांबायला लागणारं एकूण अंतर:

४० किमी: सुमारे २५ मीटर
६० किमी: सुमारे ४५ मीटर
८० किमी: सुमारे ६८ मीटर
१०० किमी: सुमारे ९७ मीटर

ओल्या रस्त्यावर शंभरचा आकडा १३५-१४० पर्यंत जातो.

आता ही गोष्ट बघा. माणूस अचानक लेनमध्ये आला तेव्हा तुम्ही ४५ मीटरवर आहात. वेग ६० असेल तर गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. वेग ८० असेल तर पहिले ३३ मीटर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात, उरलेल्या १२ मीटरांत वेग जेमतेम ६५ वर येतो आणि त्या वेगाने धडक बसते. फरक फक्त २० किमीचा, पण एकीकडे शून्य, दुसरीकडे ६५.

मागच्याचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर वेग कमी न करणं हे नाही, लवकर कमी करणं हे आहे. ३०० मीटरवरून नुसता पाय उचलला तरी गाडी बऱ्यापैकी मंदावते. मग ब्रेक दोन-तीनदा हलके दाबायचे, म्हणजे मागच्याला लाल दिवा दिसतो आणि त्यालाही सावध व्हायला वेळ मिळतो. मागे लादलेला ट्रक चिकटून येत असेल तर आणखी आधी सुरुवात करा. एअर ब्रेक धरायला मुळातच थोडा उशीर लागतो आणि मालाचं वजन वेगळंच.

कोरीपाटी

मग वेग कमी करताना पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावावेत का?

सारथी

कोरीपाटी, चांगला प्रश्न, कारण इथेच घोटाळा होतो. बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना इंडिकेटरचा दांडा खालीवर केला तरी बाहेर काही फरक दिसत नाही, चारही दिवे लुकलुकतच राहतात. तुम्हाला वाटतं इशारा दिला, मागच्याला काहीच कळत नाही.

त्यामुळे लेन बदलायची असेल तर आधी फक्त इंडिकेटर, लेन बदलून झाली आणि पुढे रहदारी तुंबलेली दिसली तरच हॅझर्ड. लेन बदलता येत नसेल आणि वेग झपाट्याने उतरवावा लागत असेल तर सरळ हॅझर्ड. मागच्या गाड्यांचा वेग तुमच्याइतका झाला की बंद करा.

आणि आरसा बघून भागत नाही, मान वळवून आंधळा कोन (आरशात न दिसणारा भाग) बघा. अशा ठिकाणी सगळे एकाच वेळी एकाच लेनमध्ये शिरत असतात.

दिवेलागण

रात्रीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

लांबची वस्तू थांबलेली आहे की चालती, हे डोळा तिचा आकार किती भराभर वाढतो त्यावरून ओळखतो. अडीच मीटर रुंदीचा ट्रक ३०० मीटरवर असताना डोळ्याशी अर्ध्या अंशाचा कोन करतो, २०० वर पाऊण अंशाच्या आतच. ही वाढ जाणवतच नाही. १०० वरून ५० वर आला की तो कोन दुप्पट होतो आणि तेव्हा कुठे ‘अरे, हा उभा आहे!’ असं लक्षात येतं. शंभरच्या वेगात ते फार उशिराचं असतं. दिवसा आजूबाजूचा रस्ता, झाडं, खांब मदत करतात. रात्री अंधारात दोन लाल ठिपके, बस.

म्हणून नियम असा: कडेला लुकलुकणारा दिवा दिसला की तो उभा आहे असंच धरून चाला. चालता निघाला तर नुकसान काही नाही.

लुकलुकण्याचा आणखी एक त्रास म्हणजे तो दिवा जितका प्रखर, तितका त्याच्या शेजारचा माणूस कमी दिसतो. प्रकाशाने बाहुली आवळते, दिवा विझला की क्षणभर काळोख. याच कारणाने अमेरिकेत बंबांसाठीच्या एनएफपीए १९०१ या मानकात (आता ते एनएफपीए १९०० मध्ये सामावलं आहे), गाडी रस्ता अडवून उभी असताना पांढरे लुकलुकते दिवे चालत नाहीत. त्याच मानकाच्या २००९ च्या आवृत्तीपासून बंबाच्या पाठीमागचा निम्मा तरी भाग ४५ अंशांच्या तिरक्या चकाकत्या पट्ट्यांनी भरावा लागतो. दिव्याने लक्ष वेधतं, पट्ट्यांनी आकार कळतो.

तुमच्या बाजूने: अप्पर बंद, डिपरवर या. अप्परचा झोत काम करणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पण डिपरचा प्रकाश साधारण ५०-६० मीटरच पोचतो. गणितींच्या यादीत बघा, त्या उजेडात थांबता येईल असा वेग ६० च्या आसपासचाच आहे.

बंबवाली

दिवेलागण, फार छान लिहिलंत. बंब कसा उभा करतात तेही सांगते, कारण तो तिरका उभा दिसला की लोक चिडतात, ‘एवढी जागा कशाला अडवली?’

तो मुद्दाम तिरका लावतात. अपघाताच्या जागेच्या अलीकडे, येणाऱ्या रहदारीच्या बाजूला, घटनेपेक्षा एक लेन जास्त अडवून. पुढची चाकं काम करणाऱ्या माणसांपासून दूर वळवलेली असतात. मागून एखादं अवजड वाहन येऊन धडकलंच तर बंब माणसांच्या अंगावर न जाता बाजूला ढकलला जावा म्हणून. त्याच्या पलीकडे मोकळी जागा, मग अपघातातली गाडी, आणि त्याच्याही पुढे रुग्णवाहिका. रुग्णवाहिका पुढे असण्याचं कारण म्हणजे स्ट्रेचर मागच्या दारातून आत जातं. ते दार बंबाच्या आडोशाला आलं पाहिजे.

तेव्हा बंब ओलांडला म्हणजे संपलं असं समजून वेग वाढवू नका. माणसं पुढेच आहेत.

आणि रस्त्यावर पाइप पसरलेला असेल तर त्यावरून गाडी नेऊ नका. पाण्याने भरलेला पाइप चाकाखाली दाबला की दाबाचा धक्का टोकाशी नळी धरलेल्या माणसाला बसतो, जोड निसटू शकतो आणि आगीवरचं पाणीच बंद होतं. तिथे उभा असलेला जवान हाताने सांगेल तेव्हाच जायचं.

चौथागिअर

गणिती, ‘लवकर’ हा शब्द मान्य. माझा आक्षेप अचानक ४० वर येण्याला होता, तो अजून आहे. बंबवाली, चाकं वळवण्याबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद.

दोनचाकी

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं लिहावं लागेल. आपल्याला फट दिसते आणि आपण शिरतो. उभी गाडी आणि सरकत्या रांगेतली फट ही सगळ्यात वाईट जागा. दार उघडतं, पट्टा बांधणारा मागे सरकतो, आणि रांगेतली कार नेमकी त्याच वेळी तुमच्याकडे सरकते.

दुसरं, खाली बघा. अपघाताच्या जागी काचा, प्लॅस्टिकचे तुकडे, कूलंट, डिझेल. डिझेलचा थर ओल्या रस्त्यावर इंद्रधनुषी चमकतो, कोरड्यावर नुसता काळपट डाग. त्यावर टाकलेली वाळू किंवा भुकटी म्हणजे रस्ता साफ झाला असं नव्हे, तीही चाकाखाली घसरते. तिथे गाडी सरळ, झुकवायची नाही, पुढचा ब्रेक नाही, गिअरने वेग आधीच उतरवलेला.

तिसरं, शेजारून बस गेली की हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. कडेला उभ्या माणसालाही तसंच होतं. अवजड वाहन चालवणाऱ्यांनी म्हणून इतरांपेक्षा जास्त अंतर सोडावं.

कोरीपाटी

अजून एक. गाडीत अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय) असेल तर गाडी आपोआप थांबेल ना?

सारथी

त्यावर विसंबू नका. रडारला रस्त्यावर सतत स्थिर वस्तू दिसतात: पाट्या, कठडे, पुलाचे खांब. प्रत्येकासमोर ब्रेक लागला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून बऱ्याच प्रणाली वेगात असताना स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेतही हे लिहिलेलं असतं: थांबलेल्या वाहनासमोर ब्रेक लागेलच असं नाही.

सगळ्यात घातक प्रसंग म्हणजे पुढची गाडी ऐन वेळी लेन बदलते आणि तिच्याआड लपलेला ट्रक समोर उभा ठाकतो. प्रणाली आतापर्यंत पुढच्या गाडीच्या मागे होती. ती बाजूला गेली की समोर मोकळं आहे असं समजून वेग वाढवूही शकते. थांबलेल्या आपत्कालीन वाहनांना धडकण्याच्या घटनांवरूनच अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते वाहतूक सुरक्षा यंत्रणेने ऑगस्ट २०२१ मध्ये टेस्लाच्या ऑटोपायलटचा तपास सुरू केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांहून जास्त गाड्यांचं रिकॉल झालं.

दिवे दिसले की क्रूझ बंद, पाय ब्रेकजवळ. पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा, तिच्या काचेतून पलीकडचं दिसलं पाहिजे.

सांजवात

अवांतर, पण महत्त्वाचं. गाडी जिकडे नजर तिकडे वळते. लुकलुकत्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की हात नकळत तिकडे ओढले जातात. नजर आपल्या लेनमध्ये दूरवर, जिथून जायचंय तिथे. दिव्याकडे तिरक्या नजरेने लक्ष राहतंच. आणि मोबाइलवर चित्रण कृपा करून नको. आत कुणाचं तरी माणूस आहे.

नटबोल्ट

सांजवात, शंभर टक्के.

आणखी अवांतर: आपलीच गाडी बंद पडली तर टोइंगवाला येईपर्यंत आत बसून राहू नका. रहदारीच्या उलट्या बाजूच्या दाराने सगळे बाहेर, कठड्याच्या पलीकडे, आणि गाडीच्या पुढे नव्हे. धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते. विंच चालू असताना वायरच्या रेषेतही उभं राहू नका, तुटली तर ती चाबकासारखी फिरते. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा: गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे का, ऑटोमॅटिक आहे का, चाक फिरतंय का. चुकीचा ट्रक आला तर रस्त्यावरचा वेळ दुप्पट.

प्रवासिनी

पहिल्या प्रश्नाकडे वळूया का? देशोदेशींचे नियम बघितले तर उत्तर सापडतं.

कडेला थांबलेल्या अशा गाडीसाठी लेन सोडायचा किंवा वेग उतरवायचा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी साउथ कॅरोलायनात, १९९६ साली झाला. हवाईत तो २०१२ मध्ये पोचला. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये लेन बदलता येत नसेल तर मर्यादेपेक्षा ताशी २० मैल कमी. कॅनडातल्या ऑन्टारिओने २०१५ मध्ये टोइंग ट्रकही त्यात आणले, म्हणजे धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला तिथल्या कायद्याचंच उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात ४० किमी, साउथ ऑस्ट्रेलियात २५.

चौथागिअर, तुमच्या आक्षेपासाठी न्यू साउथ वेल्स बघा. तिथे सप्टेंबर २०१८ मध्ये सरसकट ४० ची अट आली. वेगवान रस्त्यांवर अचानक वेग पाडण्याच्या तक्रारी आल्या आणि वर्षभराने नियम बदलला: मर्यादा ८० किंवा कमी असेल तिथे ४० कायम, ९० किंवा जास्त असेल तिथे परिस्थितीनुसार सुरक्षित वेग, आणि शक्य तर एक लेन सोडून जायचं. टोइंग ट्रकही यात धरले.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ई आहे, पण ते येणाऱ्या रुग्णवाहिकेला आणि बंबाला वाट न देण्याबद्दल आहे.

जर्मनीतली पद्धतही सांगण्याजोगी: रहदारी तुंबू लागताच, सायरन ऐकू यायच्या आधीच, सगळ्यात डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, मधून वाट मोकळी. बंब पोचलाच नाही तर तो तिरका लावायचा प्रश्नच येत नाही.

चौथागिअर

हे पटलं. म्हणजे दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, रस्त्याच्या मर्यादेप्रमाणे.

गणिती

मग आकडा असा मांडतो. जिथे कायद्याने आकडा दिलाय तिथे तोच. नसेल तर: ८० पर्यंतच्या रस्त्यावर, लगतच्या लेनमधून जावं लागत असेल, तर ४०. त्याहून वेगवान रस्त्यावर लेन सोडता आली तर मर्यादेपेक्षा ३० ने कमी, सोडता आली नाही तर ६० किंवा त्याखाली, पण ३०० मीटरवरून उतरवत आणलेला. माणूस लेनच्या रेषेवर किंवा आत दिसला तर चालण्याचा वेग, गरज पडली तर थांबा.

दोनचाकी

एकेरी लेनच्या दुहेरी रस्त्यावर काय? तिथे पलीकडे जाणं म्हणजे समोरच्याच्या तोंडी.

सारथी

तिथे समोरून कुणी येत असेल तर उभ्या गाडीच्या बरंच अलीकडे थांबायचं, २०-२५ मीटर तरी. अगदी मागे चिकटून थांबलात तर पुढचं दिसत नाही आणि मागून धडक बसली तर तुम्हीच काम करणाऱ्यावर ढकलले जाल. समोरचा रस्ता मोकळा दिसला, अखंड रेषा किंवा वळण नसलं, तर किमान दीड मीटर अंतर सोडून सावकाश. दीड मीटर मिळत नसेल तर जायचं नाही. वळणामागे गाडी उभी असेल तर तिथल्या माणसाच्या हाताच्या इशाऱ्याची वाट बघा.

आडवळण (धागाकर्ता)

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, सगळ्यांचे मनापासून आभार. ‘मर्यादेपेक्षा ३० ने कमी’ आणि ‘६० किंवा त्याखाली’ हे वहीत लिहून ठेवलंय. शेवटची शंका: मूळ लेनमध्ये परत कधी यायचं?

बंबवाली

शेवटची गाडी ओलांडल्यावर नव्हे, शेवटचा माणूस ओलांडल्यावर. पुष्कळदा पोलिसांची गाडी, अपघातातली गाडी आणि टोइंग ट्रक यांच्यात तीस-चाळीस मीटरची मोकळी जागा असते, आणि कुणीतरी झाडू घेऊन नेमकं तिथेच काचा गोळा करत असतं. रस्त्यावर इशाऱ्याचे शंकू (कोन) लावलेले असतील तर शेवटच्या कोनच्या पुढे बघा, आणखी एक दिवा लुकलुकत नाही ना. नसेल तर इंडिकेटर, मान वळवून बघणं, मग लेन, आणि वेग सगळ्यात शेवटी.